आमचा जेवतच नाही हो!

भुताचा सिनेमा म्हटला की आपल्याला पडका वाडा आणि पांढरी साडी आठवते. १९८९ साली आलेल्या 'पॅरेंट्स' या अमेरिकन सिनेमात यातलं काहीच नाही. आहे ते एक चकाचक स्वयंपाकघर! बॉब बालाबन या दिग्दर्शकाचा हा पहिला मोठा सिनेमा. तेव्हा फारसा चालला नाही, पण हुडकून पाहणारे आजही आहेत.

काळ १९५० नंतरचा. मायकल नावाचा लहानसा मुलगा, रुबाबदार बाबा, नटूनथटून स्वयंपाक करणारी आई. ताटात रोज मांस. मायकल विचारतो, हे काय? तर उरलेलं. उरण्याआधी काय होतं? तर म्हणे, उरायचं होतं ते! आपण हसतो आणि ते हसू घशातच अडकतं. कारण आईबाबा माणसाचं मांस खातात अशी त्या पोराला शंका आहे, आणि ती खोटी नाही.

किळस येऊन पुष्कळजणी तो अर्ध्यात बंद करतील. मुलांना शेजारी बसवून बघायचा तर नाहीच. पण माझ्या लक्षात राहिली ती मेरी बेथ हर्टने केलेली आई. तिला सगळं ठाऊक आहे, तरी ताट सरकवणाऱ्या मुलालाच ती गोडीगुलाबीने समजावते. घराचं चित्र बिघडायला नको ना! अगदी शेवटी ती मुलाच्या बाजूने उभी राहते, पण तोवर फार उशीर झालेला असतो.

"आमचा जेवतच नाही हो ताई," हे वस्तीत मी कितीदा ऐकलंय! मग दृष्ट काढायची, टॉनिक आणायचं, नाहीतर धपाटा. जेवताना घरात काय चाललेलं असतं, असं विचारलं की आई पदराशी चाळा करते. एका पोरीचा घास वडील दारात आले की थांबायचा. त्यांच्या दारूबद्दल आई बोलली ती माझ्या चौथ्या खेपेला.

सिनेमात मायकलचं ऐकते ती एकटी शाळेतली समाजसेविका. सँडी डेनिसने केलेली ही बाई स्वतःच जरा गोंधळलेली. पण त्याला गप्प न करता ती थेट त्याच्या घराच्या तळघरापर्यंत जाते. (पुढे तिचं फार वाईट होतं, तेव्हा हौसेने या कामात येणाऱ्यांनी जपून!)

आपल्या पालकसभांत डबा, अक्षर, गृहपाठ यांवर तासभर बोलणं होतं. एकदा मुलांनाच विचारू, घरी जेवायला बसल्यावर कसं वाटतं, असं मी इथल्या शाळेतल्या बाईंना सुचवलंय. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.