जुन्या गोव्याचे हात



उद्यमबागेतून पिरनवाडी गाठावी, जांबोटीचा रस्ता धरावा, चोर्ला घाट उतरावा, की काही तासांतच मांडवीकाठचे जुने गोवे येते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या ३ डिसेंबरच्या सणासाठी आपल्या भागातील कित्येक भाविक ही वाट पायी तुडवितात. तेथे आपण गुडघे टेकतो, मेणबत्ती लावतो आणि परततो. ते नगर ज्या हातांनी घडविले, त्यांची आठवण मात्र क्वचितच होते. आज ती करू या. आपल्या वस्तीचे पोटही हातांच्या कसबावरच भरते.

बॉम जेझूच्या मंदिराचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले व १६०५ मध्ये त्याचा अभिषेक झाला. आत संतांच्या शवपेटिकेखाली जो संगमरवरी चौथरा आहे, तो टस्कनीच्या ड्यूकने दिलेली देणगी होय. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याने तो घडविला आणि १६९८ मध्ये तो येथे उभा राहिला. हे नाव वाटाडे आवर्जून सांगतात. पण वरची चांदीची पेटी त्याहूनही जुनी, १६३६-३७ मधील. ती गोव्याच्याच सोनारांनी घडविली. तिच्यावर संतांच्या चरित्रातील प्रसंग चांदीत उठविलेले आहेत. परदेशी शिल्पकाराचे नाव आपल्या तोंडी राहिले, घरच्या सोनारांचे राहिले नाही. चांदीवरील प्रत्येक ठोका मात्र अजून तेथेच आहे.

मागील खेपेस आमच्यासोबत एक वयस्क गृहस्थ होते. त्यांची उमेदीची सारी वर्षे येथल्या फौंड्रीत गेलेली. मंदिराची उघडी तांबडी भिंत पाहून ते थबकले व म्हणाले, ‘‘अहो, हा जांभा असा उघडा का ठेवला? आमचे ओतीव काम रंगाचा हात न देता अंगणात ठेवले, तर एका पावसात गंजते.’’

त्यांचा प्रश्न नेमका होता. ही भिंत मुळात गिलाव्याने झाकलेली होती. १९५० नंतरच्या दशकात, पोर्तुगीज राजवट असतानाच, मंदिर अधिक प्राचीन दिसावे म्हणून तो गिलावा काढून टाकण्यात आला. जांभा सच्छिद्र दगड. पावसाचे पाणी तो पितो आणि हळूहळू झिजतो. दर्शनी भागावरील कोरीव कामासाठी वसईकडून काळा दगड आणला होता, तो टिकाऊ. भोवतालच्या जांभ्याची गोष्ट वेगळी. गिलावा पुन्हा द्यावा, अशी मागणी अलीकडे झाली आहे. दिसण्याच्या हौसेपायी राखण काढून घेतली, तर काय होते, याचा हा बोलका धडा आहे.

जवळच्या टेकडीवर संत ऑगस्टीनच्या मठाचा भग्न मनोरा आहे. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना घालवून दिले. मठ ओस पडला आणि अवघ्या सात वर्षांत, १८४२ मध्ये, मंदिराची कमान ढासळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भागही पडला. ती इमारत कोणी तोफेने पाडली नव्हती. कौले बदलणारा व गळती बुजविणारा हात तेवढा नाहीसा झाला होता.

बागांचीही हीच कथा. वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी गोव्यात वनस्पती जोपासल्या, येथील वैद्यांना विचारून औषधींची माहिती मिळविली आणि १५६३ मध्ये आपला ग्रंथ गोव्यातच छापून घेतला. मूळच्या यहुदी घराण्यातील या विद्वानाच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनच्या आज्ञेने त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. आपल्याच इतिहासातील हे पान आपण मान खाली घालून वाचले पाहिजे. आज पणजीतील उद्यानाला त्यांचे नाव आहे. काजू आणि अननस पोर्तुगिजांच्या गलबतांतून आले. हापूसचे नावही अफोन्सोवरून पडले. पण कलम जगते ते रोज पाणी घालणाऱ्या माळ्यामुळे.

१८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीस गेली. १९८६ मध्ये युनेस्कोने येथील मंदिरांना व मठांना जागतिक वारशाचा मान दिला. मान मिळाला म्हणून भिंत टिकत नाही. यंदा यात्रेस जाल, तेव्हा मुलांना त्या चांदीच्या पेटीजवळ न्या आणि सांगा, हे आपल्यासारख्याच हातांचे काम. आणि परतल्यावर, पहिल्या पावसाआधी, आपल्या देवळाच्या छपरावर एकदा चढून पाहा.