आदिलाबादच्या मैदानाला मास्तर हवा

कापूस वेचून घरात आला आणि शेते मोकळी झाली, की आदिलाबाद जिल्ह्यात गावोगावी क्रिकेटचे सामने रंगू लागतात. पैनगंगेच्या दक्षिणेकडील बेला, जैनथ, तामसी या पट्ट्यात मराठी ही अनेकांची घरची भाषा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचे राजुरा व किनवट मुंबई राज्यात गेले; हा मुलूख मात्र आंध्रात आणि २०१४ पासून तेलंगणात राहिला. खेळाचे वेड सीमेच्या दोन्ही अंगांना सारखेच आहे. रोख बक्षिसे लागतात, ध्वनिक्षेपकावरून समालोचन होते, टेनिसच्या चेंडूवर षटकारांची बरसात होते. उत्साहाला तोटा नाही. उणीव आहे ती शिकवणाऱ्याची. आणि ती फारशी कोणाला खुपत नाही, हीच खरी चिंतेची बाब होय.

हौसेच्या खेळाला शिकवणी कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी चेंडूचे वजन ध्यानात घ्यावे. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमच्या आत भरतो. क्रिकेटचा कातडी चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे अडीचपटीहून जड. हलक्या चेंडूवर आडवी बॅट फिरवून धावा मिळतात. जड चेंडूवर तीच सवय पहिल्याच षटकात यष्टी गमावते. ताशी १२० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापाशी सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. तेवढ्या अवधीत विचार करून पाय हलत नाहीत. ते सवयीनेच हलावे लागतात. जडलेली सवय मोडणे हे नवी लावण्याहून कठीण. म्हणूनच शिक्षण बाराव्या-तेराव्या वर्षी हवे, निवड चाचणीच्या आदल्या महिन्यात नव्हे.

यावर उमेश यादवचे नाव पुढे केले जाते. नागपूरजवळच्या खापरखेड्यातील खाणकामगाराचा हा मुलगा विशीच्या उंबरठ्यावर कातडी चेंडूकडे वळला आणि २०११ मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला. हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा मोहम्मद सिराज हाही टेनिसच्या चेंडूवरच वाढला. दोघांचाही अभिमान वाटावा. परंतु दोघेही वेगवान गोलंदाज आहेत, हे विसरून चालणार नाही. अंगचा वेग उशिरा सापडला तरी कामी येतो. फलंदाजी अशी उशिरा सापडत नाही. शिवाय अपवादावर धोरण उभारता येत नाही. ज्या विदर्भाला पूर्वी कोणी हिशेबात धरत नसे, त्याने चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली २०१७-१८ व २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. हे केवळ दैवाने घडले नाही. शिस्तबद्ध शिक्षणाने घडले.

मग मास्तर आणायचे कोठून? सचिन तेंडुलकरला घडवणारे रमाकांत आचरेकर स्वतः प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले. तोही हैदराबादविरुद्ध, मोईनुद्दौला स्पर्धेत. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून ते सांगत, जो गोलंदाज बाद करील त्याचे; नाही तर ते सचिनचे. उत्तम शिक्षक होण्यास उत्तम खेळाडू असावेच लागते असे नाही. नजर, शिस्त आणि चिकाटी लागते. गावच्या शाळेतील क्रीडाशिक्षकास ती असू शकते.

साधनेही फार लागत नाहीत. मोज्यात घालून दोरीला टांगलेला चेंडू सरळ बॅट शिकवतो. चांगल्या टप्प्यावर ठेवलेला रुमाल गोलंदाजाला अचूकता शिकवतो. एकाच यष्टीवर रोज पन्नास फेकी आणि तितकेच झेल घेतले, तर क्षेत्ररक्षण हंगामात पालटते. मात्र वाढत्या वयाच्या वेगवान गोलंदाजाला दिवसभर राबवू नये; कोवळा कणा त्याने कायमचा दुखावतो. षटकांची मर्यादा पाळणे हा लाड नव्हे. कातडी चेंडूने सराव करताना हेल्मेट, पॅड व हातमोजे यांत काटकसर नको. राहिली खेळपट्टी. कपाशीची जमीन उन्हात भेगाळते हे खरे. पण काळ्या मातीवर पाणी मारून, रोलर फिरवून देशात अनेक ठिकाणी खेळपट्ट्या घडल्या आहेत. तेवढेही न साधले, तर घट्ट मुरुमावर काथ्याची चटई अंथरावी. एका स्पर्धेच्या बक्षिसाचा काही भाग वळवला तरी चटई आणि जाळी या दोहोंची सोय होऊ शकेल.

गावाने एवढे करावे. उरलेले कर्तव्य संघटनेचे. आदिलाबादहून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. तथापि येथील मुलाचा मार्ग हैदराबादच्याच संघटनेतून जातो. त्या संघटनेतील कलह इतका विकोपास गेला, की फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा कारभार पाहण्यास निवृत्त न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांची एकसदस्यीय समिती नेमली. त्याच वर्षी निवडणूकही झाली. मतांची मोजणी झाली. आता मुलांची मोजणी व्हावी. जिल्ह्यातील क्रीडाशिक्षकांसाठी दरवर्षी उन्हाळी वर्ग घ्यावा, निवड चाचणी जिल्ह्यातच भरवावी, आणि सूचना तेलुगूबरोबर मराठीतही निघावी. यांत अवास्तव असे काहीही नाही.

खेळणाऱ्या प्रत्येक मुलाने भारताकडून खेळावे, ही अपेक्षा वेडगळ ठरेल. परंतु बहुतेकांना ही संधी बारा ते वीस या आठ वर्षांतच मिळते, आणि ती वर्षे परत येत नाहीत. आपण कोठवर पोहोचू शकलो असतो, हे कळण्याआधीच मैदान सुटावे, हा त्यांच्यावर अन्याय आहे. यंदाच्या हंगामात आयोजकांनी बक्षिसाचा आकडा ठरवण्यापूर्वी आपल्या गावाचा मास्तर ठरवावा.