आधीं निदान, मग खर्च

रत्नागिरीकडील एका वाचकांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, तीन लक्ष किलोमीटर चाललेली, आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारांत नेणारी घरची पिकअप गाडी ठेवावी, कीं मोडींत काढावी? एंजिन उत्तम आहे. परंतु दिवे मध्येंच मंदावतात, कधीं स्टार्टर नुसता ‘टक्’ करून थांबतो. दोन वर्षांत बॅटरी व अल्टरनेटर नवे बसवूनहि दुखणें कायम आहे. थोरले बंधु ती विकूं म्हणतात, धाकट्यांचा मोह सुटत नाहीं. आणि घरांत अबोला होण्याची वेळ आली आहे.

आमच्या मतें हा वाद अकालीं आहे. रोगाचें निदान होण्यापूर्वींच येथें दोन महागडीं औषधें देऊन झालीं.

घरांत विजेस दिव्याकडे जाण्यास एक तार असते व परतण्यास दुसरी. मोटारींत बॅटरीच्या धन टोकापासून तार निघते खरी; पण परतीचा मार्ग बहुतांशीं गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतूनच असतो. बॅटरीचें ऋण टोक ज्या जाड तारांनीं एंजिनास व सांगाड्यास जोडलेलें असतें, त्यांस कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. समुद्राकांठची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनीं हे सांधे खराब होतात. देवघरांतील ताम्हनावर चढतो तोच हिरवट कळंक या तांब्याच्या टोकांवरहि चढतो. ताम्हन चिंचेनें घांसावें लागतें हें आमच्या भगिनी जाणतात. गाडीचे सांधे मात्र वर्षानुवर्षें कोणी उघडून पाहत नाहीं. अशा सांध्यांतून दिव्यापुरता प्रवाह जातो. शेंकडों अँपिअर ओढणाऱ्या स्टार्टरास तो पुरत नाहीं.

याची परीक्षा साध्या मल्टीमीटरनें घरींच करतां येते. गाडी रात्रभर उभी असतां चांगली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. एंजिन चालू असतां आंकडा साधारण १३.८ ते १४.५ पर्यंत चढावा. तसा तो चढत असेल, तर बॅटरी व अल्टरनेटर यांस दोष देऊं नये. मग मीटरचें एक टोक बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरें एंजिनच्या उघड्या लोखंडास लावून, दुसऱ्याकडून स्टार्टर फिरवावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक आंकडा आला, तर दोष अर्थाचा समजावा. बॅटरी सोडवून, ऋण टोक प्रथम काढून, सांधे कागदानें लख्ख घांसावेत, घट्ट आवळावेत व वर व्हॅसलीन लावावें. खर्च जवळजवळ नाहींच.

एका गोष्टींत मात्र तडजोड नको. फ्यूज वारंवार उडतो म्हणून १० अँपिअरच्या जागीं ३० चा घालणें, किंवा तारेचा तुकडा अडकविणें, ही रीत सर्रास आढळते. फ्यूज आधीं वितळावा आणि तार वांचावी, अशीच ही योजना आहे. फ्यूज बळकट केला कीं तापते ती तार, आणि पेट घेतें तें तिचें वेष्टण. गाडी हांकणारा मध्यरात्रीं घाट उतरत असतो, तेव्हां घरची मंडळी निजलेली असतात. त्याच्या जिवाशीं असा खेळ करण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

याच हांकणाऱ्यास आधीं विचारावें, असें आम्ही सुचवितों. दिवे खड्ड्यांत मंदावतात कीं ब्रेक दाबतांना, स्टार्टर सकाळीं अडतो कीं एंजिन तापल्यावर, हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक असणार? त्यानें तें वहींत टिपून ठेवावें, व वडील माणसांनीं वायरमनला बोलाविण्यापूर्वीं वाचावें.

इतकें करून दुखणें गेलें, तर धाकट्यांचें ऐकावें. गाडी आणखी कांहीं हंगाम सेवा देईल. परंतु तारांचें वेष्टण जागोजाग तडकलें असेल, किंवा सांगाड्यासच गंजानें भोंकें पडलीं असतील, तर थोरल्यांचें म्हणणें मान्य करून तिला निरोप द्यावा. कोणताहि निर्णय होवो, तो मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं व्हावा.