गांजा आणि चिंता: उपचार एकाच दाराशी हवेत

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडीचा (मेफेड्रोनचा) कारखाना पकडला. तेव्हापासून जिल्ह्यात अमली पदार्थ म्हटले की एमडीचेच नाव पुढे येते. मोर्चे निघाले, धाडी पडल्या, आणि ते व्हायलाच हवे होते. मात्र या गदारोळात गांजा ‘तो काय, नेहमीचाच’ म्हणून बाजूला राहिला. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार भांग, गांजा, चरस यांपैकी काही ना काही वर्षभरात घेतलेल्यांची संख्या सुमारे ३ कोटी १० लाख होती आणि त्यांतल्या सुमारे ७२ लाख लोकांना त्यापायी मदतीची गरज होती. त्याच पाहणीत असेही आढळले की बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीसजणांमागे जेमतेम एकाला उपचार मिळतात. उरलेले एकोणीस का येत नाहीत, याची कारणे अनेक असतील. पण गांजाच्या बाबतीत एक कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गांजा ओढणाऱ्याला सतावत असते ती चिंता, आणि गांजाला तो आपला आजार मानतच नाही, औषध मानतो. तो उपचाराला येईल तो घबराटीसाठी, झोपेसाठी, छातीतल्या धडधडीसाठी. आपली व्यवस्था मात्र त्याला दोन वेगळी दारे दाखवते, एक व्यसनाचे आणि एक मनाच्या आजाराचे.

‘ओढली की टेन्शन जाते’ हे तो सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. भीती, भूक आणि झोप यांचे नियमन करणारी काही रसायने मेंदू स्वतःच तयार करतो आणि गांजातला टीएचसी हा घटक नेमका त्यांच्याच जागांवर जाऊन बसतो. थोड्या मात्रेत त्याने मन सैलावते. मात्रा वाढली की तोच घटक उलटतो: धडधड सुरू होते, घाम फुटतो, कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे असे वाटू लागते. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत या जागा हळूहळू कमी होत जातात, हे मेंदूच्या तपासण्यांतून दिसले आहे. ओढणे थांबवल्यावर त्या दोनेक दिवसांत भरून येऊ लागतात आणि सुमारे चार आठवड्यांत पूर्ववत होतात. अडचण आहे ती या मधल्या काळाची. शेवटच्या चिलमीनंतर एक ते तीन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, भीती, भूक मरणे आणि झोप उडणे सुरू होते. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. झोपेची तक्रार मात्र महिनाभर किंवा त्याहूनही अधिक रेंगाळू शकते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानपुस्तिकेत या त्रासाला स्वतंत्र स्थान दिले. रुग्णाला हे कुणी सांगितलेलेच नसते. त्याला वाटते, हे माझे मूळचेच टेन्शन, गांजाने दाबून ठेवलेले, आता वर आले. मग तो पुन्हा ओढतो, तासाभरात बरे वाटते आणि गांजा हेच आपले औषध असल्याची त्याची खात्री पक्की होते. सावकाराचे व्याज फेडण्यासाठी त्याच सावकाराकडून नवे कर्ज काढावे, असा हा व्यवहार आहे.

आधी चिंता की आधी गांजा, हा प्रश्न संशोधकांतही मिटलेला नाही आणि तो मिटला आहे असे भासवणे बरोबर होणार नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १,६०० विद्यार्थ्यांचा सात वर्षे मागोवा घेतला गेला. रोज गांजा ओढणाऱ्या तरुणींमध्ये पुढे नैराश्य आणि चिंता आढळण्याची शक्यता पाचपटींहून अधिक होती, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले. उलट आधीच्या नैराश्य-चिंतेवरून पुढचे गांजा ओढणे सांगता आले नाही. दुसऱ्या अभ्यासांत नेमके उलटे आढळले: लोकांत मिसळताना, चार माणसांत बोलताना ज्यांना कुमारवयापासून तीव्र भीती वाटते, ते पुढे गांजाच्या आहारी जाण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. काही काटेकोर अभ्यासांत गांजाने चिंताविकार जडतो असे ठामपणे म्हणण्याजोगे काही हाती लागले नाही. तेव्हा ‘गांजामुळेच चिंता होते’ असे सरसकट विधान मी करणार नाही. पण माझ्या म्हणण्याला त्याची गरजही नाही. दोन्ही एकत्र सापडतात याबद्दल वाद नाही, आणि एक कमी झाले की दुसरेही उतरते, याला आधार आहे. अमेरिकेत गांजा सोडू पाहणाऱ्या ३०२ जणांवर बारा आठवड्यांची औषधचाचणी झाली होती. त्या माहितीच्या पुढच्या विश्लेषणात ज्यांचे ओढणे घटले त्यांची चिंता, नैराश्य आणि झोप तिन्ही सुधारल्याचे दिसले. वीस वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आईला मूळ कारणाच्या वादापेक्षा ही एक गोष्ट कळणे फार मोलाचे आहे.

आता हे सगळे सायखेड्यासारख्या गावातून पाहा. गोदाकाठच्या या गावात पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार आहे, आजूबाजूला निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागा आहेत. चिंतेला इथे खरीखुरी कारणे आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि कांद्याचे भाव कोसळले. द्राक्षाचा बहर एका रात्रीच्या गारपिटीत जातो. गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडले की सायखेडा-चांदोरीच्या लोकांचा जीव टांगणीला लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी गावात शिरलेच होते. अशा ठिकाणी कुणी ‘डोक्याला ताप आहे’ म्हणाला तर त्याला मनाचा आजार म्हणायला घरचेही धजावत नाहीत आणि तेही समजण्यासारखे आहे. राज्य सरकारने शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५ मध्ये सुरू केलेला प्रेरणा प्रकल्प मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांपुरता होता. बागायती म्हणून ओळखला जाणारा नाशिक त्यात नव्हता. इथल्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे तर नाशिक गाठावे लागते. अंतर पंचवीस-तीस किलोमीटरच असेल, पण त्यात एका दिवसाची मजुरी जाते, सोबतीला कुणीतरी लागते आणि ‘कुठे चाललात’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

दोन वेगळ्या दारांचा परिणाम काय होतो ते पाहू. मनाच्या दाराशी गेलेला तरुण बहुधा गांजाचे नावच काढत नाही आणि घाईच्या बाह्यरुग्ण विभागात त्याला ते विचारलेही जात नाही. झोप नाही, भीती वाटते, एवढेच ऐकून त्याच्या हाती शांत करणाऱ्या गोळ्या पडू शकतात. या गोळ्या काय करू शकतात हे नाशिक जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून जिने घरेच्या घरे उद्ध्वस्त केली ती अल्प्राझोलाम ही चिंतेवरचीच गोळी आहे. एक सवय असलेल्याला दुसरी लागण्याचा धोका इथे कल्पनेतला नाही. दुसऱ्या दाराशी, व्यसनमुक्तीच्या, उलटी चूक होते. आधी सोड, मग बाकीचे पाहू, असे सांगितले जाते. आणि सोडल्यावर ज्या दिवसांत भीती सर्वांत जास्त उसळते, त्याच दिवसांत त्या भीतीकडे कुणी पाहत नाही. तो पळून जातो, घरचे त्याला मनाचा कच्चा ठरवतात. शिवाय आपल्याकडे गांजा बहुतेकदा तंबाखूत मिसळून ओढतात. त्यामुळे तंबाखू सुटल्याची तडफड त्याच आठवड्यात येऊन मिळते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: गांजा ही वनस्पती आहे, कुंभमेळ्यात साधू चिलीम ओढतात, त्यांना कुठे काय होते? सिंहस्थ तोंडावर असताना हा युक्तिवाद नाशिकमध्ये अधिक ऐकू येणार. गांजा ओढणारे बहुतेक लोक त्याच्या आहारी जात नाहीत, हे खरेच आहे. जुन्या अंदाजानुसार दहांतला साधारण एक जण जातो, कोवळ्या वयात सुरुवात करणाऱ्यांत सहांतला एक. इंग्रज सरकारच्या १८९३-९४ च्या आयोगानेही बेताच्या सेवनाने सहसा इजा होत नाही, असाच निष्कर्ष काढला होता. वेड्यांच्या इस्पितळांत आजाराचे कारण म्हणून ‘गांजा’ असे शहानिशा न करता नोंदवले जात होते, हेही त्याने दाखवून दिले. अतिशयोक्तीने कुणाचे भले होत नाही, हा धडा आजही घ्यावा. पण त्याच आयोगाने अतिसेवन घातक असल्याचे आणि ते दुबळ्या मनाला अधिक बाधते असेही म्हटले होते, ते सोयीस्करपणे विसरले जाते. दहांतल्या नऊजणांना काही होत नाही, हे दहाव्याला उपचार न देण्याचे कारण होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप भीतीतून येतो: डॉक्टरला सांगितले तर पोलिसांत जाईल. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे, त्यामुळे ही भीती निराधार नाही. पण त्याच कायद्याचे कलम ६४-अ सांगते की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचारासाठी आला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्याच्यावर त्यासाठी खटला चालवता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजारांतच धरल्या आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. म्हणजे कायद्याने दोन्ही दारे कधीच एक केली आहेत, दवाखान्यांनीच ती वेगळी ठेवली आहेत. ग्रामपंचायतीच्या फलकावर गांजाबंदीचे इशारे लिहिताना कलम ६४-अ ची एक ओळ लिहायला काहीच खर्च येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: तालुक्यात तज्ज्ञच नाहीत, मग एकत्र उपचार देणार कोण? पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून हजारो कुटुंबांना उभे केले. पण गावोगावी मुक्तांगण निघणार नाही आणि गांजासाठी बहुतेकांना दाखल होण्याची गरजही नसते. गांजा सोडवणारे खास मान्यताप्राप्त औषध अजून नाही. जे उपयोगी पडते ते मुख्यतः बोलून केलेले समुपदेशन. अमेरिकेत ४५० जणांवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नऊ बैठका मिळालेल्यांपैकी सुमारे २३ टक्के लोक चार महिन्यांनी पूर्ण मुक्त होते. दोन बैठका मिळालेल्यांत ९ टक्के, वाट पाहत थांबलेल्यांत ४ टक्के. आकडे फार मोठे नाहीत, पण फरक स्पष्ट आहे. आणि अशा बैठका घ्यायला दरवेळी तज्ज्ञच लागतो असे नाही, हे शेजारच्या गोव्याने दाखवले आहे. तिथे ‘संगाथ’ संस्थेने स्थानिक, तज्ज्ञ नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. २०१० च्या चाचणीत सरकारी केंद्रांतल्या नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना त्याचा लाभ झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत घातक प्रमाणात दारू पिणारे ३६ टक्के पुरुष तीन महिन्यांत त्यातून बाहेर आले. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. गांजावर तिथे प्रयोग झाला नाही, पण चिंता आणि व्यसन दोन्ही त्याच प्रकारच्या केंद्रांतून हाताळता येतात, एवढे नक्की दिसले.

निफाड तालुक्यात सुरुवात करायला यापेक्षा अधिक पुराव्याची वाट पाहू नये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून प्रशिक्षित समुपदेशक आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, बाजाराच्या दिवशी असला तर उत्तम, गोदाकाठच्या आरोग्य केंद्रात बसावा. झोपेची किंवा धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक तरुणाला त्याने तंबाखू, दारू, गांजाबद्दल न रागावता विचारावे, आणि सोडू पाहणाऱ्याला पहिल्याच भेटीत पुढच्या दोन आठवड्यांचे वेळापत्रक सांगावे: कोणत्या दिवशी काय होईल, ते कधी उतरेल, रात्री दोन वाजता भीती वाटली तर काय करावे. चार आठवड्यांनंतरही चिंता तशीच राहिली तर ती मूळची आहे असे धरून नाशिकच्या तज्ज्ञाकडे पाठवावे. आत्महत्येचे विचार, भास किंवा संशयाची लक्षणे दिसली तर त्याच दिवशी. तोपर्यंत ज्यांना आज रात्रीच कुणाशी बोलायचे आहे त्यांच्यासाठी मानसिक आरोग्याच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन सरकारी क्रमांक आहेत. दोन्हींवर फोन करायला पैसे पडत नाहीत आणि फोन रुग्णानेच करावा असेही नाही, आई-वडील किंवा बायकोनेही केला तरी चालतो.