आधी निदान, मग खर्च

बहरैनमध्ये आपल्यासारख्यांच्या घरची जुनी छोटी गाडी म्हणजे चैन नव्हे. मुलांची शाळा, शुक्रवारचा बाजार, रात्री-अपरात्री इस्पितळ, सारे तिच्याच भरवशावर चालते. ती सिग्नलला थरथरू लागली, एसी लावताच धापा टाकू लागली, की आपण म्हणतो, "गाडी मिसिंग करते," आणि गॅरेज गाठतो. तेथे पुष्कळदा आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग पंप. बिल वाढते, थरथर तशीच! आमचा आक्षेप सुटे भाग बदलण्याला नाही, न तपासता बदलण्याला आहे.

आपल्याकडे पहिला आळ येतो तो पेट्रोलवर. जय्यिद भरले म्हणून असे झाले, मुमताज भरा, असा सल्ला कोणीही देतो. पण टाकीतले पेट्रोल चारही सिलिंडरांना सारखेच जाते. एकच सिलिंडर रुसला असेल, तर अपराधी दुसरीकडे आहे.

म्हणून आधी हजेरी घ्यावी. इंजिन चालू ठेवून मेकॅनिक एकेक सिलिंडर क्षणभर बंद करतो. काम करणारा सिलिंडर बंद झाला की इंजिनाचा आवाज पडतो. ज्याला बंद करूनही काही फरक पडत नाही, तो आधीपासूनच गैरहजर. (हा उद्योग आपण करू नये, प्लगच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात.) त्यातल्या त्यात अलीकडच्या गाडीला यंत्र जोडले, तर पी ०३०१ ते पी ०३०४ यांपैकी एखादा क्रमांक येतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पण गैरहजर कोण एवढेच तो सांगतो. का, ते सांगत नाही. प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असेल, तर पहिल्याची दुसऱ्याला लावून पाहावी. दोषही तिच्याबरोबर दुसऱ्याकडे गेला, तर चोर सापडला, आणि सुट्या भागावर एक फिल्सही खर्च झाला नाही! दोष जागचा हलला नाही, तर प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन पाहावे.

हवामानाचा विचार तर कोणी करीतच नाही. कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीतून निवृत्त झाली. भर पावसात ती अडली, की डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून फडक्याने कोरडी करायची, हे जुन्या ड्रायव्हरांना सांगावे लागत नसे. आपल्या बेटावर तसा पाऊस नाही, पण ऑगस्ट-सप्टेंबरची दमट हवा आणि समुद्राचा खार आहे. प्लगच्या वायरी जुन्या असतील तर अशा रात्री अंधारात बॉनेट उघडून, हात दूर ठेवून, चालू इंजिनाकडे पाहावे. वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या, तर करंट प्लगपर्यंत न पोहोचता वाटेतच गळतो आहे. उलट, गाडी उभी असताना थरथरते आणि वेगात सुरळीत चालते, असे असेल तर उन्हाने कडक होऊन चिरलेली रबरी नळी शोधावी. तेथून जादा हवा आत शिरते.

एका बाबतीत मात्र आम्ही कंजुषी मान्य करणार नाही. इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला, की गाडी सुरक्षित जागी थांबवावी. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, तो लालबुंद होतो आणि निकामी होतो. प्लगच्या किमतीत मिटणारे काम मग गाडीच्याच किमतीशी स्पर्धा करू लागते. अशी गाडी घेऊन, मागे मुले बसवून, सौदीला जाणाऱ्या २५ किलोमीटरच्या पुलावर निघणे याला आम्ही धाडस म्हणत नाही.

तेव्हा वाचकहो, गॅरेजात पहिला प्रश्न "किती होतील?" हा नसावा, "कोणता सिलिंडर?" हा असावा. आणि काढलेले जुने प्लग परत मागून घ्यावेत. चार प्लग ओळीने मांडले, की तिघांचे टोक तपकिरी आणि एकाचे काळे, तेलकट दिसेल. तो कोणत्या सिलिंडरचा, ते मेकॅनिककडून त्याच्यावर खडूने लिहून घ्यावे.