हत्तीवरून उतरायचं राहिलं

शरीर मोकळं करा, बाकीचं आपोआप बदलेल, असं सांगणाऱ्यांची सध्या आमच्या सुरतेत चलती आहे. वेसू म्हणा, सिटीलाइट म्हणा, सोसायटीचा क्लबहाउस शनिवार-रविवारी रिकामा मिळत नाही. योगा झाला, झुंबा झाला, आता ‘सोमॅटिक कोचिंग’. नावाला बिचकू नका. ग्रीक भाषेत सोमा म्हणजे देह. अमेरिकेतल्या थॉमस हॅना यांनी १९७० च्या दशकात त्यावरून हे नाव रूढ केलं. म्हणणं साधं आहे. माणूस डोक्याने निश्चय करतो आणि शरीर जुन्याच सवयीने वागतं. आज चिडायचं नाही असं ठरवून आपण उठतो, सूनबाईच्या हातून दूध उतू जातं, आपला जबडा आवळतो, खांदे वर चढतात, आणि नको तो शब्द तोंडातून गेलेला असतो. म्हणून बदल करायचा तर जबड्यात करा, खांद्यात करा, श्वासात करा. रोज करा.

यात मला काही खोटं वाटत नाही. उलट इतकं खरं वाटतं, की त्यातलं अर्धंच आपल्याला पूर्ण किमतीत विकलं जातं याचा राग येतो.

आमच्या महिला मंडळाने भरवलेल्या शिबिराच्या पत्रिकेवर दोन विषय छापले होते: ‘व्यक्तिगत परिवर्तन’ आणि ‘सामाजिक न्यायाची मूल्ये’. पहिल्याला दीड दिवस मिळाला. दुसरा रविवारी दुपारी चहाच्या आधी उरकला. फळ्यावर समता, करुणा, आदर असे तीन शब्द लिहिले गेले, आणि डोळे मिटून प्रत्येकीने ते छातीत कुठे जाणवतात ते पाहायचं होतं. पाहिलं. मग चहा आला. चहा आणणाऱ्या दोघी भिंतीकडेला उकिडव्या बसून होत्या, कारण खुर्च्या शिबिराला आलेल्यांपुरत्या मोजून मांडल्या होत्या. दोन दिवसांचं शुल्क त्या दोघींपैकी एकीच्या महिन्याच्या पगाराहून जास्त होतं. त्यांना छातीत काय जाणवतं, हे कुणी विचारलं नाही.

आता गंमत बघा. ज्या अमेरिकेतून हे आलं, तिथल्याच स्टेसी हेन्स नावाच्या बाईंनी २०१९ मध्ये ‘द पॉलिटिक्स ऑफ ट्रॉमा’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की शरीरात जे आखडून बसलेलं असतं ते एकट्या माणसाचं नसतं. वर्णभेद, गरिबी, घरातला अत्याचार, हे सगळं बाहेरून येऊन स्नायूंत घर करतं. बाहेरची परिस्थिती तशीच ठेवून आतला माणूस तेवढा मोकळा करू म्हटलं, तर काम अपुरंच राहणार. हे समुद्र ओलांडताना कुठे बुडालं? पत्रिकेवर शब्द शिल्लक राहिले, एवढंच.

एवढं बोललं की आपल्या समाजातल्या वडीलधाऱ्या बायका पुढे सरसावतात. म्हणतात, “अगं, हे परदेशी कशाला? आपला कायोत्सर्ग आहे की!” आहेच. सहा आवश्यकांपैकी तो एक. आचार्य महाप्रज्ञांनी १९७५ मध्ये प्रेक्षाध्यानाची पद्धत मांडली, तीत कायोत्सर्गाला पहिल्या ओळीत बसवलं. आपल्या आजीला जे उभ्याने करता येत होतं ते आपण पैसे मोजून शिकतो, हा टोला मला मान्य आहे. पण काकू, आपलं म्हणता ना, मग सगळं आपलं घ्या. कोचने अर्धं आणलं म्हणून तिला हसायचं आणि आपणही आपल्यातलं सोयीचं तेवढंच काढून घ्यायचं, हे कसं चालेल?

अहिंसा अणुव्रताचे अतिचार आठवा. तत्त्वार्थसूत्रात पाच आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. प्रतिक्रमणात आपण ते बोलतो, बऱ्याचदा इतक्या घाईने की गाडी सुटते आहे असं वाटावं. पहिले तीन आपल्याला लागू नाहीत म्हणून आपण निश्चिंत. शेवटचे दोन बैलाला लागू आहेत असं समजून निश्चिंत. बैल तर आता सुरतेत दिसतही नाही. पण या पाचांत एकही अतिचार मनातल्या भावनेचा नाही, हे कधी लक्षात घेतलंत? सगळे शरीराने शरीरावर केलेले आहेत. बांधणं, मारणं, कापणं, ओझं लादणं, खाणंपिणं अडवणं. दुसऱ्याच्या देहापर्यंत पोचलेला न्याय-अन्याय आपल्या आचार्यांनी शेकडो वर्षांपूर्वी इतका रोखठोक मोजून ठेवला आहे.

आता ओझं बघू. आपल्या सोसायट्यांत कामाला येणाऱ्या कितीतरी जणी आपल्याच बोलीच्या. धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेल्या, लिंबायत, उधना, दिंडोलीत राहणाऱ्या. एक बाई पाच घरं करते. प्रत्येक घरातली गृहिणी म्हणते, “आज पाहुणे होते, थोडी जास्तीची भांडी आहेत, एवढंच.” थोडीच असतात, खोटं नाही. पण ती पाच ठिकाणची थोडी एकाच कमरेवर जातात. पाच घरांचा मिळून अतिभार होतो, आणि अतिचार मात्र एकाही घराच्या नावावर चढत नाही. हिशेबाची ही युक्ती व्यापारी घरातल्या बायकांना समजावून सांगायला नको.

आणि अन्नपाननिरोध? तुम्ही म्हणाल, आम्ही कुणाचं पाणी अडवलं? उलट उन्हाळ्यात आपण पाणपोई घालतो. मी आमच्याकडच्या मावशींना एकदा विचारलं, “मावशी, एवढ्या उन्हातून आलात, पाणी का घेत नाही?” त्या म्हणाल्या, “ताई, पाणी पिलं की मग जायचं कुठं?” दहा मजली इमारत. प्रत्येक घरात दोन-तीन संडास. तळमजल्यावर एक आहे, तो वॉचमन आणि ड्रायव्हरांचा, आणि बहुतेक वेळा कुलूपबंद. सकाळी आठ ते दुपारी दोन ही बाई तहान मारून भांडी घासते. पाणी कुणीच अडवलेलं नाही, आणि तरी ते अडलेलं आहे. तिच्या पोटात, ओटीपोटात, लघवीच्या जळजळीत अडलेलं आहे. श्वास मोकळा करायला निघालेल्या मंडळाला शरीरावरचा याहून सरळ धडा कुठे मिळणार होता?

फक्त घरकामाचंच नाही. हे शहर उभंच दुसऱ्यांच्या शरीरांवर आहे. हिऱ्याच्या घंटीभोवती माणसं बसतात, मान खाली, एका डोळ्याला भिंग, आणि वर्षानुवर्षं तेच. पांडेसरा-उधन्याच्या लूम खात्यांत ओडिशातून, विशेषतः गंजाम जिल्ह्यातून आलेली पोरं बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. आवाज असा, की बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. दिवसपाळीचा उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीचा आडवा होतो. घरोघरी बायका साड्यांवर टिक्या आणि खडे चिकटवतात, नगावर पैसे घेऊन. त्या साड्या आपण नेसतो. आपल्यातल्या कित्येकींच्या घरची दुकानं त्याच साड्यांची आहेत. तर मोकळं कुणाचं शरीर करायचं, हा प्रश्न सुरतेत तरी ध्यानाच्या बाहेरचा नाही.

कुणी म्हणेल, शरीर म्हणजे पुद्गल, त्याला एवढं कशाला कुरवाळायचं? हा युक्तिवाद मी फक्त दुसऱ्याच्या शरीराबद्दल केलेला ऐकला आहे. आपला गुडघा दुखला की कुणाला पुद्गल आठवत नाही.

“धर्मात राजकारण आणू नका,” असंही म्हणतात. त्यांच्यासाठी बाहुबलींची गोष्ट. माझ्या माहेरी, दिगंबरांत, ती जरा वेगळी सांगतात. सुरतेत श्वेतांबर शेजारणींकडून मी ऐकली ती अशी. बाहुबली वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले. अंगावर वेली चढल्या, पायाशी वारुळं झाली, तरी केवलज्ञान होईना. धाकटे भाऊ आधी दीक्षा घेऊन बसले होते, त्यांना वंदन करावं लागेल, तेवढा मान आड येत होता. शेवटी ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी येऊन म्हणाल्या, भाऊराया, हत्तीवरून खाली उतर. त्यांनी ओळखलं, आणि भावांकडे जाण्यासाठी पाऊल उचललं, त्या क्षणी ज्ञान झालं. जगात याहून स्थिर देह दुसरा नसेल, आणि तरी स्थिरपणाने भागलं नाही. ज्याला आपण खालचा समजतो त्याच्या दिशेने उचललेलं एक पाऊल उरलं होतं. आणि ते सांगायला दोन बायकाच यावं लागलं.

कोल्हापूरजवळच्या कुंभोजला बाहुबलींची २८ फुटांची मूर्ती आहे, १९६३ मध्ये उभारलेली. यात्रेला आपण जातोच. त्याच कुंभोजला १८८७ मध्ये एका जैन घरात भाऊराव पाटील जन्मले. त्यांच्या चरित्रांत सांगतात, की कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते जाऊन आले. परतल्यावर त्यांना आंघोळ करायला सांगितलं गेलं. त्यांनी ती केली नाही, आणि जैन बोर्डिंगमधली जागा गेली. आंघोळ न करणं! याला कोणी मूल्यशिक्षण म्हणणार नाही, पण विटाळ राहतो तो कातडीवरच, तर तो तिथूनच काढावा लागतो. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत आणि हाताने कामं करत.

मला मात्र त्यांच्याहून लक्ष्मीबाई जास्त आठवतात. सोवळ्यात वाढलेली जैन घरातली बाई. त्या मुलांसाठी तिने स्वयंपाक केला, दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये ती गेली. सोवळं आधी हातात असतं, विचारात मागून येतं. भाकरी वरून टाकायची की ताटात ठेवायची, हे हाताला विचारावं लागत नाही, त्याला ते लहानपणीच शिकवलेलं असतं. त्या हाताला रोज चुलीपुढे दुसरं वळण लावायचं, याला काय म्हणाल? शरीराने केलेलं परिवर्तनच ना? शिबिरातल्या बाईंनी तिचं नाव ऐकलेलं नसेल, त्याला माझी हरकत नाही. आपल्यातल्या किती जणींनी ऐकलं आहे?

म्हणून कोचिंग बंद करा असं मी म्हणत नाही. खांदे मोकळे झाले तर चांगलंच आहे. पण पुढचं शिबिर भरवण्याआधी मंडळाने शरीराची काही कामं करावीत. तळमजल्यावरचा संडास उघडा आणि स्वच्छ ठेवायचा, दुसरा बायकांसाठी बांधायचा, खर्च शिबिराच्या शिलकीतून. ‘नोकरांसाठी’ अशी पाटी असलेली लिफ्ट सगळ्यांची करायची. कामाच्या बाईला आठवड्याची भरपगारी सुट्टी द्यायची. हे पाचही घरांनी मिळून ठरवायचं, म्हणजे एकीने दिली आणि चौघींनी बोलावली असं होणार नाही. वेगळा कप कपाटातून काढायचा आणि तिच्याबरोबर त्याच टेबलाशी, त्याच उंचीच्या खुर्चीवर बसून चहा घ्यायचा. पहिल्या दिवशी अवघडायला होईल, तिलाही आणि आपल्यालाही. पाठ ताठ होईल, श्वास वर चढेल. तेव्हा शिबिरात शिकलेलं सगळं वापरा, ते त्यासाठीच आहे.

ही चार कामं मी पर्युषणाआधीच्या बैठकीत मांडणार असं कळवलं, तर सचिवताईंचा निरोप आला, की विषयपत्रिका भरली आहे, पारण्याच्या मेनूचं अजून ठरायचं आहे. मी लेखी पत्र दिलं आहे. त्यावर अकरा जणींच्या सह्या आहेत. बैठकीला चहा आणणाऱ्या दोघींनाही वेळ कळवली आहे, आणि माझ्या घरच्या दोन खुर्च्या मी खाली पाठवणार आहे.