मोळीला चाक हवे

लांबची मजल मारून थकलेले घोडे येथे बदलले जात, म्हणून हे बदलापूर, अशी या गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. ती इतिहासाच्या कसोटीला किती उतरेल हा प्रश्न अलाहिदा. पण ओझे वाहणाऱ्या जिवालाही विसावा द्यावा लागतो, एवढी जाण त्या आख्यायिकेत खचितच आहे. आज त्याच बदलापुरातील कात्रप परिसरात इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात गेली होती. एका अंगाला मलंगगड-चंदेरीची डोंगररांग आणि दुसऱ्या अंगाला उल्हास नदी व तिच्या पलीकडचे बारवीचे रान, अशा बेचक्यात हे शहर फुगत चालले आहे. मात्र डोंगराच्या कुशीतील ठाकूर-कातकरी वाड्यांवरची बाई आजही चुलीसाठी रानात जाते आणि वीस-पंचवीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन परतते. शहर बदलले; ओझे वाहणारी मान बदलली नाही.

गॅस आल्यावर चूल गेली, असा एक सोयीस्कर समज सुशिक्षितांत रूढ आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत तिने आठ कोटी जोडण्यांचा टप्पा गाठला. ही कामगिरी सामान्य नव्हे. परंतु जोडणी एकदाच मिळते, सिलिंडर मात्र पुनःपुन्हा भरून घ्यावा लागतो. रोजंदारीवर किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबाच्या हाती सिलिंडरची पूर्ण रक्कम एकाच वेळी क्वचितच असते. शिवाय १४.२ किलो गॅसने भरलेली ती लोखंडी टाकी वाडीच्या चढावर नेणार कोण? म्हणजे सरपण सुटले तरी डोक्यावरचे ओझे सुटतेच असे नाही. पैसे आले की गॅस आणि संपले की चूल, हा या घरांचा व्यवहार आहे, आणि त्यांच्या परिस्थितीत तो शहाणपणाचाच आहे.

मग प्रश्न असा, की चाकाचा शोध लागून हजारो वर्षे लोटली, तरी मोळी अजून डोक्यावरच का? दारिद्र्य हे त्याचे एक उत्तर आहे, पायवाटांची अवस्था हे दुसरे. तिसरे उत्तर कायद्याच्या पोथीत आहे आणि ते फारसे कोणी वाचत नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम ५२ नुसार वनगुन्ह्याचा संशय आल्यास मालाबरोबरच हत्यारे, होड्या, गाड्या आणि गुरेही जप्त करता येतात. मोळी पकडली गेली तर एका दिवसाची मेहनत जाते. गाडी पकडली गेली तर घरातील भांडवलच जाते. डोके तेवढे सरकारजमा होत नाही! गरिबाने केलेला हा हिशेब अडाणीपणाचा नाही. तो अनुभवाने शिकविलेला आहे.

हा हिशेब आता बदलावयास हवा होता, कारण कायदा बदलला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूबरोबरच झुडपी लाकूड आणि खुंट यांचाही समावेश केला, आणि निस्तारासारखे सामूहिक हक्क मान्य केले. २००८ च्या नियमांत या उपजाच्या वाहतुकीसाठी डोक्यावरचे ओझे, सायकल आणि हातगाडी यांचा स्पष्ट उल्लेख होता. २०१२ च्या दुरुस्तीने त्या जागी वाहतुकीचे योग्य साधन असा व्यापक शब्दप्रयोग आला. म्हणजे ज्यांचा हक्क मान्य झाला आहे, त्यांच्या हातगाडीला कायद्याची हरकत नाही. हरकत आहे ती या तरतुदीची वार्ता वाडीपर्यंत आणि वनरक्षकाच्या नाक्यापर्यंत न पोहोचण्याची.

हातगाडीने जंगलतोड वाढेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. चाकावर ओझे वाढते हे खरेच. परंतु ओल्या झाडाला कुऱ्हाड लावणारा व्यापार ट्रकने चालतो, सायकलीच्या चाकांच्या गाड्याने नव्हे. वाळली काटकी कोणी, किती आणि कोठून आणावी याची मर्यादा ग्रामसभेने घालावी. राखणीचा अधिकार त्याच कायद्याने तिला दिला आहे. जंगल राखण्याचे साधन म्हणून बाईची मान झिजविणे ही कसली वननीती?

साधन तरी असे काय मोठे? जुन्या सायकलीची किंवा मोटारसायकलची दोन चाके, लोखंडी आस आणि वर सांगाडा. चाक जितके मोठे, तितके ते खड्ड्यातून सहज निघते. ओझ्याचा मध्य आसावर आला की हातांवर भार उरत नाही. उतारासाठी एक साधा अटकाव हवा. बदलापूर-अंबरनाथच्या कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात ती तयार होईल. अरुंद पायवाटेवर ती जाणार नाही हे कबूल. तेथे मोळी वाटेच्या तोंडापर्यंत डोक्यावर येईल. पुढील दोन-तीन मैल तरी वाचतील. आदिवासी विकासाच्या निधीतून प्रत्येक वाडीला अशा दोन गाड्या सामायिक मालकीने देणे अवघड नाही. त्याच गाडीवर पाण्याचे हंडे येतील, सिलिंडर येईल, पावसाळ्यात आजारी माणूसही रस्त्यापर्यंत आणता येईल. शहरातील झाडांच्या छाटणीचे लाकूड नगरपरिषदेने वाड्यांना दिले, तर रानावरचा भारही थोडा हलका होईल.

महाराष्ट्राने ओझे वाहणाऱ्यांचा विचार पूर्वी केलेला आहे. १९६९ चा माथाडी कायदा हे त्याचे प्रमाण. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली आणि स्त्रीचे ओझे त्याहून बरेच कमी असावे असे म्हटले. पण या साऱ्या व्यवस्था मालक आणि कामगार यांच्यासाठी आहेत. स्वतःच्या चुलीसाठी मोळी वाहणारीला मालक नाही, म्हणून मंडळ नाही, मजुरी नाही आणि मर्यादाही नाही. कात्रपपासून लोहमार्गाने काही स्थानकांवरच नेरळ आहे आणि वर माथेरान. तेथील माणसाने ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, हे देशाने उशिरा का होईना मान्य केले. प्रवाशाच्या डोळ्यांसमोरचे ते कष्ट न्यायालयापर्यंत पोहोचले. रानवाटेवरच्या मोळीला मात्र प्रेक्षक नाही.

चूल विझेल तेव्हा विझो. ती विझविण्याचे प्रयत्न जरूर चालू राहावेत. पण तोवर मोळी डोक्यावरून चाकावर उतरविण्यास ना मोठा निधी लागतो, ना नवा कायदा. थकलेल्या घोड्यांची आठवण नावात जपणाऱ्या गावाने थकलेल्या माणसांची एवढी तरी दखल घ्यावी.